बायका बोलत नाहीत, की विचारणाराच दुसरीकडं बघतो?

रानवाट, जालना

बाई दिवसाला २० हजार शब्द बोलते आणि पुरुष ७ हजार, हे वाक्य आता व्हॉट्सॲपवरून उठून प्रशिक्षणाच्या पडद्यावर आलंय. आमच्या खात्यात नुकत्याच झालेल्या 'प्रभावी संवाद' वर्गात व्याख्याते हेच सांगून गेले. पुढं नेहमीचंच. बाई मनानं बोलते, पुरुष मुद्द्याचं बोलतो. बाईला ऐकून घेणारं माणूस पाहिजे, पुरुषाला उत्तर. लोक हसले, चहा झाला, प्रमाणपत्रं वाटली.

आकड्याचं आधी उरकून टाकते. २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या जवळपास ४०० विद्यार्थ्यांजवळ ध्वनिमुद्रक देऊन त्यांचं रोजचं बोलणं मोजलं. मुलींची आणि मुलांची सरासरी दिवसाला १६ हजार शब्दांच्या आसपासच निघाली. म्हणजे पडद्यावरचा आकडा हवेतला.

माझं म्हणणं मात्र आकड्याबद्दल नाही. बायका-पुरुषांच्या बोलण्याच्या तऱ्हा वेगळ्या असतीलही. पण आपल्याकडं कचेरीत, शेतात, ग्रामसभेत गाडं अडतं ते तऱ्हेपाशी नाही. प्रश्न कुणाकडं बघून विचारला आणि उत्तर कुणाच्या नावानं लिहून घेतलं, तिथं अडतं.

मी कृषी विभागात गावपातळीवर काम करते. पेरणीआधी आम्ही घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासून दाखवतो. ओलं गोणपाट, त्यावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, आठवडाभरात उघडून कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त धडके कोंब निघाले तर बियाणं पेरायला चालतं. अंबड तालुक्यात एका घरी गुंडाळी उघडली. घरधनी बाजेवरूनच म्हणाले, "ऐंशीच्या खाली न्हाईत, लिहा मॅडम." त्यांची बायको खाली उकिडवी बसून बोटानं एकेक दाणा सरकवत होती. काही कोंब तिनं बाजूला काढले. म्हणाली, "हे धरू नका. मोड आलाय पण बूड काळं पडलंय, हे जमिनीतून वर यायचं न्हाई." उरले ते सत्तरच्या आतच. मग कारणही तिनंच सांगितलं: मळणीयंत्र लई जोरात फिरवलं, दाण्याचं टरफल उललं, वरून थप्पीला पोत्यावर पोती रचली.

एवढं नेमकं निदान मला कृषी पदवीधराकडूनही क्वचित ऐकायला मिळतं. पण माझ्या नोंदवहीत रकाना एकच, 'खातेदाराचे नाव'. सातबारा त्यांच्या नावावर, म्हणून नाव त्यांचं, मोबाईल नंबर त्यांचा, खताचा सल्ला देणारा संदेशही त्यांच्याच फोनवर. ती बाई आमच्या दप्तरात कुठंच नाही.

आणि मी तरी कुठं आहे म्हणा. पारावर सगळं सांगून झाल्यावर हमखास एकजण विचारतो, "बरं मॅडम, साहेब कधी येणारंत?"

तुमच्याकडं काय अनुभव? पुरुषांनीही लिहा. फक्त 'पुरुष मंगळावरचे, बायका शुक्रावरच्या' असलं पुस्तकी वगैरे नको.

जुना हेडक्लार्क, नांदेड

ताई, लेख चांगला, पण एकांगी. आमची हयात जिल्हा परिषदेत गेली. १९९० च्या दशकात महिला सदस्य आल्या, २०११ नंतर तर निम्म्या जागा त्यांच्याच झाल्या. आम्ही मुद्दाम विचारायचो, "ताई, आपली काही सूचना?" उत्तर ठरलेलं, "सगळ्यांचं तेच माझं." मग इतिवृत्तात काय लिहायचं आम्ही? विचारलं नाही असं म्हणू नका. विचारलं तरी बोलायचं नाही आणि नंतर जिन्यात भेटून सांगायचं, "भाऊ, आमच्या गावच्या हातपंपाचं तेवढं बघा." जिन्यातलं बोलणं इतिवृत्तात येत नसतं.

मास्तरीणबाई, परभणी

भाऊ, विचारायचात कधी? सगळे ठराव मंजूर झाल्यावर, 'आयत्या वेळचे विषय' या सदरात, लोक चपला शोधत असताना ना? आणि शेजारी सदस्याचे पती बसलेले. त्यांच्यादेखत ती गावातल्या रस्त्याच्या ठेकेदाराविरुद्ध बोलणार? ठेकेदार बहुतेक वेळा त्यांचाच भाचा असतो.

जिन्यात तिनं तुम्हाला हातपंपाचं सांगितलं, म्हणजे तिला बोलता येत होतं. काय पाहिजे ते कुणाला सांगावं, तेही कळत होतं. सभागृह तिच्या कामाचं नव्हतं, जिना होता.

आकडेमोड

मूळ लेखातल्या आकड्यावर थोडी भर. २००७ च्या त्या गटानं पुढं बरीच मोठी माहिती तपासली, २ हजारांवर माणसं, चार देश. तो निष्कर्ष २०२५ मध्ये आला. तरुण आणि म्हाताऱ्या वयात फारसा फरक नाही, पण २५ ते ६४ या वयात बायका दिवसाला सुमारे ३ हजार शब्द जास्त बोलतात. लेकरं वाढवण्याचं वय हे एक संभाव्य कारण त्यांनी मांडलंय. आणखी एक: बायका-पुरुष दोघांचंही बोलणं वर्षागणिक कमी होत चाललंय.

मध्येच तोडण्याबद्दलही एक जुना अभ्यास सगळीकडं सांगितला जातो. १९७५, कॅलिफोर्निया. बाई-पुरुष जोड्यांच्या संभाषणात बोलणं तोडण्याचे ४८ प्रसंग, त्यातले ४६ पुरुषांचे. पण जोड्या होत्या फक्त ११. पुढच्या अभ्यासांत फरक बराच लहान निघाला. तेव्हा दोन्ही बाजूंनी जपून वापरा.

डबल बेल, एसटी महामंडळ

बायका बोलत नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा बाजाराच्या दिवशी मपल्या गाडीत या. "मागं सरका, दारात उभं राहू नका, सुट्टे काढा" हे ड्युटीभर वरडून वरडून घसा बसतो. बिल्ला लावला की आवाज आपोआप फुटतो, त्याला प्रशिक्षण लागत न्हाई. पण गंमत आइका. हेच मी वरडले तर "मॅडम लई तोंडाळ आहेत." माझा जोडीदार कंडक्टर शिव्या घालून वरडतो तर "माणूस कडक हाय, गाडी टायमावर नेतो."

१७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. पयलं जोडपं बसलं की गावाचं नाव बी त्यानंच सांगायचं अन पैशे बी त्यानंच काढायचे, ती खिडकीतून बाहेर बघायची. आता बायका चौघी-पाचजणी मिळून निघायल्यात. गाव सांगतात, पैशे मोजून देतात, आधार कार्ड मागायच्या आधी काढून दाखवतात. अन उतरताना थांबा चुकला तर मलाच दम देतात! बरं वाटतं.

वाळूज गेट नंबर दोन

कारखान्यातलं सांगतो. कंपनीचं नाव नको, वाहनांचे सुटे भाग बनतात एवढं पुरे. तपासणीच्या टेबलावर सगळ्या मुली, बहुतेक गंगापूर-पैठणकडून बसनं येणाऱ्या. लाईनवरचे लीडर सगळे पुरुष.

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं उभ्या उभ्या मिटिंग असते. एका मुलीनं लागोपाठ काही दिवस सांगितलं, "सर, या डायच्या मालाला आतल्या काठाला बर येतोय, बोटाला लागतो." (डाय म्हणजे साचा, बर म्हणजे मालाच्या काठाला उरलेली धारदार कड.) तिच्या बोटाला चिरा पडल्या होत्या, त्या तिनं दाखवल्याही. लीडरनं ऐकलं, "हातमोजे घालत जा" म्हणाला. त्यानं तक्रार ऐकली ती बोटाची. ती सांगत होती डायबद्दल. पुढं तोच माल ग्राहकाकडून परत आला. मग कारणमीमांसेचा कागद भरताना 'दोष प्रथम कोणी पाहिला' या ओळीत लीडरचं नाव!

मला यात रानवाट यांच्या म्हणण्यापेक्षा जरा वेगळं दिसतं. इथं बघून विचारलं होतं, उत्तरही ऐकलं होतं. पण बाईच्या तोंडून आलं की ते 'दुखणं' होतं, पुरुषाच्या तोंडून आलं की 'दोष'. ती मुलगी मुद्द्याचंच बोलत होती. ऐकणाऱ्यानं त्याचं मनाचं करून टाकलं.

बालाघाट, बीड

कारखान्यावर बसून लिहितोय, पण साखर कारखान्यावर. माझे आईवडील ऊस तोडायचे, मी आता स्लिपबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणारा, आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते, मुकादम बोलतो गड्याशी, पैसे मोजतो गड्याच्या हातात, अंगठा-सही गड्याची. फडात दोघंही तोडतात, पाचट काढणं, मोळी बांधणं आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवणं हे जास्त करून बाईकडं. पहाटे उठून भाकरी थापणं वेगळंच. हिशेबाला बसले की बाई पाल्याच्या कोपीत. खाडा झाला तर कापून घेतात तो कोयत्याचा, म्हणजे तिच्या दुखण्याचा दंडसुद्धा त्याच्याच नावावर पडतो.

म्हणून बाई दुखणं सांगतच नाही. सांगितलं की खाडा, खाडा म्हणजे घरात भांडण. गर्भपिशव्या काढून टाकायचं जे प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, त्याच्या मुळाशी बाकी कारणं आहेतच, पण ही एक गोष्ट आहे. वर्षानुवर्षं तिला कुणी 'तुला काय होतंय' विचारलं नव्हतं, आणि पहिल्यांदा विचारलं ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनं.

आता ऊसतोड कामगारांची नोंदणी होते, ओळखपत्र दोघांना वेगवेगळं मिळतं. आईचं आलं तेव्हा तिनं ते टीव्हीच्या काचेत खोचून ठेवलं. मुकादम मात्र अजून वडिलांनाच फोन लावतो. वडलांनी तोड सोडून बरीच वर्षं झाली, उसाचा सगळा अंदाज आईलाच.

स्पष्टवक्ता

नेहमीचं रडगाणं. बायकांचं ऐकायला आयोग आहे, बचत गट आहे, पोलिसांचा भरोसा सेल आहे. पुरुषानं कुणाला सांगायचं? घरी बोललं तर 'तुम्हाला काहीच जमत नाही', मित्रांत बोललं तर चेष्टा. मराठवाड्यात गळफास कोण घेतंय ते बघा जरा. मग संवादावर धागे काढा.

मोंढा नाका, धाराशिव

स्पष्टवक्ता यांचा सूर सोडला तर मुद्दा खरा आहे आणि त्याच्यावर वर कुणीच लिहिलेलं नाही.

मी शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांत जाते, कामाचाच भाग आहे. जवळपास प्रत्येक घरात एक गोष्ट सारखी सापडते. बाईला कर्जाचा खरा आकडा माहीत नसतो. गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचं तिला ठाऊक असतं, कारण सचिव घरी येतो. बँकेचं अर्धंमुर्धं ठाऊक असतं. खासगी सावकाराचं, बियाण्याच्या दुकानातल्या उधारीचं, पाहुण्याकडून हातउसने घेतलेल्याचं काहीच नाही. दहाव्यापर्यंत एकेक माणूस दारात येऊन सांगतो, तेव्हा तिला कळतं. काही खरे असतात, काही खोटेही. ओळखायचं कसं?

मग तहसीलची चौकशी. १ लाखाच्या मदतीसाठी प्रकरण 'पात्र' ठरायला कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं असल्याचं दाखवावं लागतं. बिनपरवाना सावकाराच्या चिठ्ठीला तिथं किंमत नाही. जी बाई कालपर्यंत व्यवहारात कुणी विचारात घेतली नाही, तिनंच आज नवऱ्याचा सगळा व्यवहार कागदानिशी मांडायचा. तलाठी विचारतात, "कर्ज कशासाठी काढलं होतं?" ती म्हणते, "मला बोलले न्हाईत."

त्या माणसानं का सांगितलं नाही? 'पुरुष मनातलं बोलत नाहीत' म्हणून? मला नाही तसं वाटत. पैशाचं बोलणं हे गड्यागड्यांत करायचं असा आपला सगळा रिवाज. बालाघाट यांनी लिहिलंय तसा मुकादमही त्याच्याशीच बोलतो, बँकही त्याच्याशीच, कृषी खात्याचा संदेशही त्याच्याच फोनवर. सगळ्या घराचं ओझं एकाच माणसाच्या कानात ओतायचं आणि मग तो बोलत नाही म्हणायचं. बाईला बाजूला ठेवण्यात ती तर मरतेच, पण इथं गडी आधी मरतोय.

स्पष्टवक्ता

मोंढा नाका यांच्या प्रतिसादाशी सहमत. बाकीच्यांशी नाही.

औसेकर, लातूर

आता एक जुनं सांगतो, कारण ते फार लोकांना माहीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याबाहेर हजारावर गावांत घरं तडकली होती, पडली नव्हती. त्यांच्यासाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना होती. पैसे हप्त्यानं मिळायचे, काम घरमालकानं करून घ्यायचं.

अडचण अशी की लोकांना पाहिजे होते पैसे, इंजिनिअरला पाहिजे होती मजबुती. इंजिनिअर येऊन गड्यांना पारावर सांगून जायचा. घरी काही पोचायचं नाही. तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मार्फत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांची संस्था. आमची मावशी त्यात होती. सातवी शिकलेली.

ती घराघरात जाऊन सांगायची: माळवदावरची, म्हणजे सपाट धाब्याच्या छपरावरची, माती कमी करा, एवढं ओझं भिंतीला झेपत नाही. दगडी भिंतीच्या दोन पदरांना जोडणारा आरपार दगड ठराविक अंतरावर घालून घ्या, नाहीतर पदर सुटतात. खिडकीच्या वरून पट्टा फिरवा. गवंडी तिला हसायचे. "अक्का, चूल बघा." ती म्हणायची, "चूल बी याच माळवदाखाली हाय." हप्ता सोडायच्या आधी काम बघायला इंजिनिअर यायचा, त्यालाच ती सांगायची की अमक्याच्या घरी आरपार दगड फक्त दर्शनी भिंतीला घातलेत, मागं काहीच नाही. तिचं बोलणं खरं निघू लागलं तसे गवंडी तिला विचारून दगड घालू लागले.

मुद्दा असा, मावशीला कुणी आत्मविश्वासाचं प्रशिक्षण दिलं नव्हतं. सांगायला तिच्याकडं नेमकी माहिती होती, आणि हप्त्याच्या वाटेवर ती उभी होती. वाळूजच्या मुलीकडं पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती.

काळा कोट, छत्रपती संभाजीनगर

कायद्याचं एवढंच, कारण धाग्यात मुली वाचत असतील. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तीच. मुदत ३ महिने, सबळ कारण असेल तर समिती ती आणखी ३ महिने वाढवू शकते.

तक्रार लेखी लागते म्हणून बायका माघारी जातात. पण जिला लिहिता येत नाही तिला तक्रार लिहून काढायला मदत करणं हे समितीवर बंधनकारक आहे, उपकार नाही. आणि 'शब्दात नीट सांगता येत नव्हतं' म्हणून कुणी परत पाठवलं तर तसं लेखी मागा. लेखी मागितलं की आवाज खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

रानवाट, जालना

सगळ्यांचे आभार. वाळूज यांचा मुद्दा मला पटला आणि नडलाही. ऐकून घेणं आणि त्याचं काय करून ठेवणं, यात मोठी दरी आहे खरी. मोंढा नाका, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला. त्यावर आमच्या घरात जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण पासबुकं टेबलावर आली.

स्पष्टवक्ता, तुमचं 'बाकीच्यांशी नाही' समजलं नाही. मोंढा नाका जे म्हणतात तेच औसेकर आणि बालाघाट म्हणतायत, फक्त त्यांच्या गोष्टीत बाई जिवंत गड्याशेजारी उभी आहे.

माझ्यापुरतं सध्या एवढं केलंय: नोंदवहीत शेरा रकाना मोकळा असतो, त्यात 'माहिती देणार' म्हणून घरातल्या बाईचं नाव आणि तिचा नंबर असेल तर नंबर लिहिते. बऱ्याच जणींकडं स्वतःचा फोन आहे, लाडकी बहीणच्या वेळी घेतलेला. प्रात्यक्षिकाचं बोलावणं आता दोन्ही नंबरवर जातं.

जुना हेडक्लार्क, नांदेड

ताई, शेरा रकाना कुणी वाचत नाही. ऑडिटवाले तर मुळीच नाहीत. तुम्हाला नाव दप्तरात टिकवायचं असेल तर ग्रामसभेतून या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. तिथं बियाण्याचा, हातपंपाचा, जो असेल तो विषय मांडू द्या आणि पुढं ग्रामसभेच्या ठरावाला 'सूचक' म्हणून त्या बाईचं नाव घाला, 'अनुमोदक' म्हणून दुसरीचं. सूचकाचं नाव लागलं की पुढच्या सभेत 'मागील ठरावावर केलेली कार्यवाही' वाचताना ते मोठ्यानं वाचावंच लागतं. ग्रामपंचायत अधिकारी टाळाटाळ करील, त्याला कलम दाखवा.

मास्तरीणबाई, परभणी

हे एवढं नेमकं माहीत होतं तर तुमच्या काळात किती ठरावांना बाई सूचक होती, भाऊ?

जुना हेडक्लार्क, नांदेड

त्याचा वेगळा धागा काढा. इथं अवांतर होईल.